साडी आली, पण ‘हो’ येत नाही

पत्राचा गोषवारा: लिहिणारी मुलगी सव्वीस वर्षांची. घर नागपुरात सदर भागात, नोकरी मिहानमध्ये. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तान्ही असतानाच तिचा बाप्तिस्मा झाला, पण दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन मोठेपणी स्वतः म्हणण्याच्या विधीच्या, वयात ती शिकायला पुण्याला होती म्हणून ते राहून गेलं. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येणार आहेत. नऊ जणांच्या यादीत हिचं नाव आहे. सगळ्या मंडळीसमोर विचारलं जाईल, ‘येशू ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारतेस का?’ मध्यंतरी डबा खाताना ऑफिसातल्या एकानं सहज विचारलं, ‘तारणारा येऊन दोन हजार वर्षं झाली म्हणता, मग तरलं कोण?’ त्या दिवसापासून हिनं एक वहीच घातली. डावीकडे बायबलच्या जुन्या करारातली मशीहाविषयीची, म्हणजे वचन दिलेल्या तारणाऱ्याविषयीची, भविष्यं, उजवीकडे ती येशूच्या बाबतीत खरी ठरली की नाही. आजवर तेवीस बरोबरच्या खुणा, अकरा प्रश्नचिन्हं. ब्याऐंशी वर्षांच्या आजीनं गांधीबागेतून पांढरी साडी आणून ठेवली आहे. आई म्हणते, ‘हो म्हणून टाक, विश्वास मागाहून येतो.’ तिचा प्रश्न: ‘खोटं “हो” बोलून आजीला सुखात ठेवू, की खरं “नाही” बोलून तिला मोडू?’

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. साडीबद्दल तू चार ओळी लिहिल्यास. बारीक सोनेरी काठ, फॉल-पिको झालेला, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात आजीच्या काळ्या रेक्झिनच्या बायबलखाली ठेवलेली. वहीबद्दल पानभर लिहिलंस. सहकाऱ्याचा प्रश्न तर शब्दन् शब्द उतरवलास. येशू हा माणूस तुला स्वतःला कसा वाटतो, त्याचं बोलणं कधी काळजाला लागतं का, यावर मात्र एक अक्षर नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, पण तिकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आधी माझं सांगून टाकते. मी ख्रिस्ती नाही. हिस्लॉप कॉलेजात शिकले, ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरी नाताळच्या करंज्या पोटभर खाल्ल्या, आणि बायबल पुष्कळ वाचलं, ते आधी मराठी चांगलं व्हावं म्हणून आणि नंतर सवय लागली म्हणून. त्यामुळे वचन दिलेला तारणारा हाच की नाही, याचा निकाल माझ्याकडे मागू नकोस. तू मागितलेलाही नाहीस. तू विचारलंस की या दोन दरवाज्यांपैकी कुठला उघडू. मला शंका आहे ती दरवाजे दोनच असण्याबद्दल.

मत्तयाचा अकरावा अध्याय काढ. बाप्तिस्मा करणारा योहान कैदेत आहे. ज्यानं यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा केला, ‘माझ्यामागून येणारा माझ्याहून थोर आहे’ असं लोकांना ओरडून सांगितलं, तोच हा योहान. तो तुरुंगातून शिष्यांच्या हाती निरोप धाडतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? बघ, तुझाच प्रश्न आहे. तोही नवख्याचा नाही, ज्यानं सगळ्यांत आधी बोट दाखवलं त्याचा.

येशू त्यावर ‘हो, मीच’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, जे ऐकता, पाहता ते जाऊन सांगा: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. हे शब्द यशयाच्या पुस्तकाची आठवण देणारे आहेत, योहानाला ते पाठ असणार. आता यशयाचा ६१वा अध्याय काढ. तिथे बंदिवानांच्या सुटकेचीही घोषणा आहे. लूक सांगतो की नासरेथच्या सभास्थानात येशूनं हाच उतारा वाचला तेव्हा ती ओळही वाचली होती. योहानाला धाडलेल्या उत्तरात मात्र ती नाही. निरोपाची वाट पाहणारा स्वतः बंदिवान, आणि यादीतून नेमकी त्याचीच ओळ गळलेली. पुढे त्या तुरुंगातच योहानाचं डोकं उडवलं गेलं. हा उतारा मी कितीदा वाचला असेल, पण इथे आले की अजून थांबते. वचनातलं सगळं झालेलं नाही, आणि ते कोणाच्या बाबतीत झालं नाही, हे त्या उत्तरात झाकलेलं नाही. वर येशू म्हणतो, माझ्याविषयी जो अडखळत नाही तो धन्य. म्हणजे अडखळायला जागा आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि निरोप्यांची पाठ फिरल्यावर तो गर्दीला काय सांगतो? स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कोणी झाला नाही. ज्या दिवशी शंका विचारली, त्याच दिवशी ही पावती.

म्हणून ‘स्वीकारलं नाही म्हणजे नाकारलं’ हे तुझं गृहीत मला पटत नाही. विचारत राहणं ही तिसरी जागा आहे, आणि तुझ्याच शास्त्रात तिला मान आहे. आपण नागपूरकरांनी तर हे सहज ओळखायला हवं. बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्यात जाहीर केलं ते १९३५ मध्ये, आणि दीक्षा घेतली ती आपल्या नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्या काळात वेगवेगळ्या धर्मांची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली, त्यांनी वाचलं, तपासलं, वाट पाहिली. धर्माचा निर्णय कोणाच्या दौऱ्याच्या तारखेला बांधलेला नसतो, हे दीक्षाभूमीच्या गावात वेगळं सांगायला नको.

आता वहीकडे येऊ. वही घातलीस याचा मला आनंदच आहे. आमच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते आणि नागपूरच्या आसपासचे दगड नि जीवाश्म गोळा करणारे भूगर्भाचे अभ्यासकही होते. नोंदी ठेवल्यानं देव रागावत नाही.

पण तुझी वही पाहून मला पत्रिका जुळवणारे गुरुजी आठवले. छत्तीसपैकी चोवीस जुळले, लग्न करा. सतरा जुळले, नका करू. गुण जुळवताना निदान कोष्टक ठरलेलं असतं. इथे कोष्टकच कोणाचं धरायचं यावर दोन हजार वर्षं वाद आहे. यशया ७:१४ समोर, कुमारी गर्भवती होऊन मुलाला जन्म देईल या वचनासमोर, तू बरोबरची खूण केली आहेस. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, असा शब्द आला आणि मत्तयानं तो घेतला. ज्यू अभ्यासक तुझी ती खूण खोडतील. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक म्हणजे खुद्द इस्राएल राष्ट्र, असं ज्यू परंपरेत वाचतात. ख्रिस्ती वाचक तिथे वधस्तंभ पाहतात. उलट यशया २:४ पुढे, तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याच्या वचनापुढे, तू भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंस. पाळकसाहेब म्हणतील, ते तो पुन्हा येईल तेव्हा. म्हणजे तुझे तेवीस आणि अकरा हे आकडे, वाचणारा बदलला की बदलतात.

तुझ्या सहकाऱ्याचा प्रश्न हलका नाही. ज्यू लोक येशूला मशीहा मानत नाहीत त्यामागे हेच मोठं कारण आहे: मशीहा आला तर जग बदललेलं दिसलं पाहिजे, आणि ते दिसत नाही. ही माणसं फार लांबचीही नाहीत. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल ज्यू मराठीच बोलत आले. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं ते मलिदा करतात. एलिया हा मशीहाच्या आधी येणारा, अशी ज्यूंची श्रद्धा. तेव्हा ‘अजून यायचा आहे’ म्हणणाऱ्यांची वाट पाहणं हीसुद्धा श्रद्धाच आहे, ते सरळ नास्तिकपण नव्हे.

पण ‘जग तरलं कुठे?’ हा शोध तुझ्या सहकाऱ्यानं लावलेला नाही. येशू पुनरुत्थित झाल्यावर त्याच्या शिष्यांनीच त्याला विचारलं की इस्राएलचं राज्य तू आता परत उभं करणार का. प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय बघ. ‘तो पुन्हा येणार आहे’ असं तुमची मंडळी मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, म्हणते, त्याचा अर्थच हा की काम पुरं झालेलं नाही हे तिला कबूल आहे. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेले ते दोघे शिष्य आठव. इस्राएलला सोडवणारा हाच अशी आमची आशा होती, असं ते म्हणतात. ‘होती’. हातात यादी घेऊन त्यांनी येशूला पारखलं नव्हतं. आधी त्याच्यामागे गेले, मग आशा मोडली, मग वाटेत कोणी शास्त्र उलगडून सांगितलं तेव्हा अंतःकरण आतून पेटलं. क्रम हा असा होता. तू क्रम उलटा लावलास, आणि उलट्या क्रमात काही हाती लागत नाही म्हणून स्वतःला खोटारडी ठरवते आहेस.

म्हणजे वहीनं ‘हो’ सिद्ध होत नाही, ‘नाही’ही सिद्ध होत नाही.

इथे एक बारीक फरक नीट बघ. शंका असताना म्हटलेलं ‘हो’ खोटंच असतं, असं नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. त्या बापाला कोणी खोटा म्हटलं नाही. पोरगा बरा झाला. अकरा प्रश्नचिन्हं खिशात घालून उभी राहिलीस तर ते फसवणं नव्हे. फसवणं केव्हा? आत काहीच नसताना केवळ साडीसाठी बोललीस तर. आता तुझं कुठलं, हे मला पत्रावरून कळत नाही. आजी नाही, आई नाही, बाकांवर कोणी नाही, अशा रिकाम्या देवळात तू एकटी आहेस असं समज. ‘हा माणूस म्हणतो ते खरं असतं तर बरं झालं असतं’ असं तुला वाटतं का? की तसंही वाटत नाही? हेच एक वाक्य पत्रात नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर ते लिही. मला पाठवू नकोस.

तुझ्या आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. विश्वास मागाहून आल्याचं मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळायला मात्र मधे आठ वर्षं गेली. आई हे वाचेल तर म्हणेल, बघ! पण रमाबाई बाप्तिस्म्याला उभ्या राहिल्या तेव्हा जेवढं म्हणत होत्या तेवढं त्यांना मनापासून पटलेलं होतं. कुणाचं मन राखायला त्या गेल्या नव्हत्या, उलट पुष्कळांची मनं मोडून गेल्या होत्या. दुसरीकडे लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. संसार दुभंगला, रडल्या, भांडल्या, पण नवरा गेला म्हणून पाठोपाठ गेल्या नाहीत. स्वतःच्या पायानं आल्या त्या पाच वर्षांनी. आज तुमच्या देवळात टिळकांची भजनं म्हणताना त्या पाच वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही.

मला माझ्याच एका मैत्रिणीचं आठवतं. मामा घड्याळ देणार म्हणून ती सोळाव्या वर्षी दृढीकरणाला उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं प्रभुभोजनाची भाकर तिच्या तोंडात घोळत राहायची, गिळवत नसे. ‘लोकांपुढे बोलले ते घड्याळाला बोलले,’ असं ती म्हणायची. चाळिशीत कधीतरी ती पाळकांकडे गेली, सगळं सांगितलं आणि म्हणे ढसाढसा रडली. ते घड्याळ कधीच बंद पडलं होतं.

आणि दृढीकरण म्हणजे तरी काय? तू तान्ही होतीस तेव्हा तुझ्या वतीनं दुसऱ्यांनी वचन दिलं. ते आता तू आपल्या तोंडानं म्हणायचं. उसनं ‘हो’ परत करून स्वतःचं देण्याचा हा विधी. तिथेही आजीचंच उसनं ‘हो’ म्हणायचं असेल तर विधी कशाला? उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती इथेच, नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयात स्वतः मागितलेला बाप्तिस्माच मानणारे, दोघांनाही त्या एका छपराखाली जागा ठेवली गेली. माणसं वेगवेगळ्या वेगानं येतात, याची सोय मोठ्या माणसांनी आधीच करून ठेवली आहे.

राहिली आजी. ‘आजी मोडेल’ हे तुला कोणी सांगितलं? तिनं, की तुझ्या भीतीनं? मला तर या सगळ्यात आजीची बाजूच कोणी ऐकलेली दिसत नाही. तिला फक्त साडी आणायला लावली आहे. ब्याऐंशी वर्षांत तिनं किती मृत्यू पाहिले असतील, किती प्रार्थना फळल्या नसतील. तिच्या बायबलाच्या समासात कुठे प्रश्नचिन्ह नसेल, असं मी पैजेवर सांगणार नाही. दुपारी जेवणं झाल्यावर, आई घरात नसताना, तिच्यापाशी बस. वही नेऊ नकोस, ती परीक्षेला बसल्यासारखी होईल. आधी तिलाच विचार: आजी, तू ‘हो’ म्हटलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं गं? ती बोलेल तेवढं बोलू दे. मग सांग, ‘मला अजून म्हणता येत नाही.’ ‘मला म्हणायचं नाही’ असं म्हणू नकोस, कारण ते तुझं खरं नाही. ती रडली तर रडू दे. तिच्या रडण्याचा अर्थ लगेच ‘मी तिला मारलं’ असा लावू नकोस. ‘काहून वं पोरी, एवढंच होय?’ असंही ती म्हणेल. काही सांगता येत नाही.

अशी आणखीही पत्रं येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. काहींचं उलटं असतं. घर हिंदू किंवा बौद्ध, ओढ येशूची, आणि घरच्यांना सांगायची हिंमत नाही. त्यांनाही मी घाई करू नका असंच म्हणते. ज्यूंचा एक पुढारी, निकदेम, येशूकडे रात्रीच आला होता. येशूनं त्याला ‘दिवसा ये’ म्हणून परत पाठवलं नाही. पण एक व्यवहाराची गोष्ट आधीच समजून घ्या: अनुसूचित जातीचा दाखला हिंदू, शीख आणि बौद्धांनाच लागू आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो हक्क राहत नाही. शिक्षण, नोकरी त्यावर अवलंबून असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. फक्त लग्नासाठी बाप्तिस्मा घ्या असं कोणी म्हणत असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, धर्म बदलावा लागत नाही. आणि ‘आत्ताच स्वीकार, उद्या उशीर होईल’ असं म्हणून जो कुणी घाम फोडतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्याच्यापासून दोन हात लांब राहा. ‘असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये’ हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे धावला नाही. आणि हे सांगण्याआधी त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्कनं लिहिलंय.

तुझ्यापुरतं सांगायचं तर उद्याच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठू नकोस. तेव्हा ते चहाच्या गराड्यात असतात. आणि तुझं नाव यादीत राहिलं नाही हे तुझ्या आईला तू सांगायच्या आत तिसऱ्याच कोणाच्या तरी तोंडून कळेल. मधल्या वारी संध्याकाळी फोन करून जा. नाव या वेळेपुरतं मागे घ्यायचं आहे, मंडळी सोडायची नाही, हे पहिल्याच वाक्यात सांग, म्हणजे ते बिचारे तुला वाचवायला धावणार नाहीत. मग वही टेबलावर ठेव आणि अकरातलं एक, फक्त एक, प्रश्नचिन्ह त्यांच्यापुढे उघड. मी असते तर यशया ६१ आणि मत्तय ११ शेजारी शेजारी ठेवून विचारलं असतं की त्या उत्तरात बंदिवान का नाहीत. पाळकसाहेब गडबडीनं उत्तर देऊन मोकळे झाले तर दुसरा कोणी जाणता शोध. थोडा वेळ गप्प बसले, तर त्यांच्याकडे दर आठवड्याला जात जा.

साडी परत करू नकोस. सुती असेल तर घडी अधूनमधून मोडत जा, नाहीतर घडीवरच विरते.